हेंड्रिक्सची मागे राहिलेली रिळं : ऐकावीत का, आणि काय समजून ऐकावीत?

चौथी_तार

नमस्कार मंडळी,

भावाने परवा 'बोथ साइड्स ऑफ द स्काय'ची एलपी आणून दिली. अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स गेला १८ सप्टेंबर १९७० ला, लंडनमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. ही तबकडी निघाली मार्च २०१८ मध्ये. तेरा गाणी, त्यांतली दहा आधी कुठेच न आलेली. 'व्हॅलीज ऑफ नेपच्यून' (२०१०) आणि 'पीपल, हेल अँड एंजल्स' (२०१३) यांच्यानंतरची ही तिसरी. तिन्हींचा मालमसाला एकच : १९६७ ते ७० या काळात स्टुडिओत घेऊन ठेवलेली आणि तशीच राहिलेली रिळं.

आठवडाभर रोज रात्री ऐकतोय. पहिलंच 'मॅनिश बॉय'. मडी वॉटर्सचं मूळ गाणं जड पावलांनी चालतं, इथे ते पळतं. बिली कॉक्सचा बेस आणि बडी माइल्सचे ड्रम्स अशी काही पकड घेतात की मान आपोआप हलायला लागते. एप्रिल १९६९ चं हे ध्वनिमुद्रण जवळजवळ पन्नास वर्षं कपाटात पडून होतं, हे खरंच वाटत नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढला. हा माणूस हयातीत फक्त तीन स्टुडिओ अल्बम आणि एक मैफिलीचा अल्बम देऊन गेला. त्यातला 'इलेक्ट्रिक लेडीलँड' त्याने स्वतः निर्माता म्हणून केला. एकेक गाणं इतक्या वेळा पुन्हा घ्यायचा की चास चँडलर, ज्याने त्याला न्यूयॉर्कहून लंडनला आणलं तोच माणूस, मध्येच काम सोडून गेला. इतक्या चोखंदळ माणसाने जे बाजूला ठेवलं ते आपण बाहेर काढून ऐकणं बरोबर आहे का? आणि ऐकलंच, तर 'हा हेंड्रिक्सचा अल्बम' असं म्हणायचं का?

माझं मत : ऐकावं, जरूर ऐकावं. पण अपुरं म्हणून ऐकावं. तुमचं सांगा.

बंड्या

पहिला मी! ऐकलं नाही अजून, रात्री ऐकतो. पण गिटार पेटवणारा तोच ना हा?

चौथी_तार

हो, तोच. १८ जून १९६७, अमेरिकेतला माँटेरीचा संगीत महोत्सव. त्याच दिवशी दुपारी त्याच मंचावर पंडित रविशंकर वाजवून गेले होते. वाद्य जाळणं त्यांना अजिबात सहन झालं नाही, हे त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवलं. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या लोकांना ते लगेच समजेल.

नाथसागर

नाही. माझं उत्तर सरळ 'नाही' आहे.

मी पैठणचा. आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं की नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत लोकांनी पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या, त्या काढल्या. आणि शेवटी बजावून ठेवलं की यापुढे जो यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजा.

हेंड्रिक्सच्या ताटात नरोट्या ठेवल्या गेल्या आहेत. १९७५ चा 'क्रॅश लँडिंग' काढून बघा. अॅलन डग्लस या निर्मात्याने जिमीचा आवाज आणि गिटार ठेवली, त्याच्या सोबत्यांचे बेस आणि ड्रम्स पुसले आणि त्या जागी रोजंदारीवरचे वादक बसवले. त्यांनी जिमीला कधी पाहिलंही नसेल. वर काही गाण्यांना सहरचनाकार म्हणून स्वतःचं नाव लावलं. अमेरिकेत तो अल्बम पाचव्या क्रमांकावर गेला. लाखो पोरांनी हेंड्रिक्स म्हणून ते ऐकलं.

म्हणून म्हणतो, रिळं जपा, अभ्यासकांना द्या, पण दुकानात मांडू नका. एकदा मांडलं की कुणाचा तरी हात लागणारच.

ब्लूज_बाबा

नाथसागर, नाथांचं उदाहरण अगदी चपखल आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं! नाथांनी पोथी कपाटात नाही ठेवली. ओव्या काढून शुद्ध केली आणि लोकांच्या हाती दिली.

'क्रॅश लँडिंग' हे गाणं २०१३ च्या अल्बममध्ये मूळ सोबत्यांसह आलंय. दोन्ही लागोपाठ ऐका. १९७५ च्या प्रतीत सगळं गुळगुळीत. मूळ प्रतीत बेस जरा मागे रेंगाळतो, ड्रम्स चाचपडतात आणि जिमी त्यांना ओढत पुढे नेतो. तो नेतृत्व कसं करायचा हे त्या ओढण्यातच कळतं. हे दुकानात आलं नसतं तर मला सोलापुरात बसून कसं ऐकायला मिळालं असतं?

रीळवाला

मी मुंबईत वीस-बावीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलं, त्यातली पहिली आठ रिळांवर. सोबत्यांना पुसून दुसरे बसवणं मुळात शक्य कसं झालं, हे सांगतो. सगळी गोष्ट त्यातच आहे.

त्याचा पहिला अल्बम, १९६७ चा, चार ट्रॅकच्या यंत्रावर झाला. म्हणजे टेपच्या रुंदीवर चार समांतर पट्टे. ड्रम्स, बेस, गिटार घेतली की पट्टे संपले. मग ते चारही एकत्र करून दुसऱ्या यंत्रावर दोन पट्ट्यांत उतरवायचे, की दोन मोकळे. त्यावर गाणं, आणखी एक गिटार. पण एकदा एकत्र केलं की सुटं होत नाही. पोह्यांत घातलेली हळद परत काढता येत नाही, तसं. त्यामुळे काय ठेवायचं, काय किती मोठं, हे त्याच क्षणी ठरवावं लागायचं.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये तो बारा पट्ट्यांवर काम करू लागला, पुढे सोळा. आता घाई उरली नाही. ड्रम्स वेगळे, बेस वेगळा, तीन-तीन गिटारी वेगळ्या. 'नंतर बघू' म्हणता यायला लागलं. त्याच्यासारख्या शोधत राहणाऱ्या माणसाला हे सोन्याचं दान होतं. पण ते 'नंतर' त्याच्या वाट्याला आलं नाही आणि सगळे पट्टे सुटेच राहिले. सुटं होतं म्हणूनच कुणालाही त्यातला एक पट्टा उचलून दुसरा ठेवता आला. चार ट्रॅकच्या जमान्यात डग्लसला हे जमलंच नसतं.

म्हणून धाग्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : ऐका, पण पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून ऐका. कोण वाजवतंय, कधी वाजवलंय, मागाहून काय घातलंय, हे तिथे लिहिलेलं असलं पाहिजे. तीन नवीन अल्बमांचं काम एडी क्रेमरकडे होतं, आणि जिमीच्या हयातीतही तोच ध्वनिमुद्रक होता. ते मला मोलाचं वाटतं.

बंड्या

रीळवालासाहेब, पोह्यांची उपमा वाचून भूक लागली. बाकी प्रतिसाद एक नंबर.

लंडनकर

मेफेअरमधल्या ब्रुक स्ट्रीटवर २३ नंबरच्या वरच्या मजल्यावर हेंड्रिक्स १९६८-६९ मध्ये राहायचा. ती खोली २०१६ पासून लोकांना बघायला खुली आहे. मी तीनदा जाऊन आलोय. आणि शेजारच्या २५ नंबरात, त्याच्या दोनशे-अडीचशे वर्षं आधी, संगीतकार हँडल राहायचा! हे कळल्यावर हेंड्रिक्सने हँडलच्या तबकड्या विकत आणल्या होत्या, त्याची प्रसिद्ध रचना 'मसाया'सुद्धा.

नाथसागरांसाठी मुद्दाम सांगतो. हँडल वारला १७५९ मध्ये. तीस वर्षांनी, १७८९ मध्ये, मोत्सार्टने त्याच 'मसाया'त बासऱ्या, क्लॅरिनेट, हॉर्न घालून नवा साज चढवला. लोक तोही आवडीने ऐकतात. मग मोत्सार्टची पण नरोटीच का?

नाथसागर

लंडनकर, प्रश्न आवडला. दिवसभर डोक्यात होता.

फरक असा आहे. हँडलने 'मसाया' पुरा केला होता, स्वतः कितीदा तरी सादर केला होता. त्याची संहिता शाबूत होती. मोत्सार्टने वर काही चढवलं तरी खालचं कुठे गेलं नाही, आणि ते मोत्सार्टचं काम आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. डग्लसने घातलेलं मात्र हेंड्रिक्सच्या नावावर गेलं आणि मूळ अडतीस वर्षं कुणाला मिळालंच नाही.

म्हणजे माझी तक्रार 'घातलं' याची कमी आणि 'झाकलं' याची जास्त आहे, असं आता वाटायला लागलंय. एवढं मागे घेतो.

मिरजेची_तार

शेवटचं गाणं 'चेरोकी मिस्ट' कुणी नीट ऐकलं का? त्यात जिमी गिटारीबरोबर इलेक्ट्रिक सितार वाजवतो. मी मिरजेची, आमच्या घरात तीन पिढ्या सितार-तानपुऱ्याचं काम. म्हणून कान टवकारले.

ती आपली सितार नव्हे. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत 'कोरल' नावाने निघालेलं ते वाद्य. आकार गिटारीचा, वाजवायचंही गिटारीसारखं, बाजूला तेरा तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा. आणि झंकार यावा म्हणून रुंद, सपाट घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. आपल्या सितारीत हा झंकार जवारीतून येतो. घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा की तार सुटताना त्याला निसटती चाटून गेली पाहिजे. माझे वडील एक घास मारतात, तार छेडतात, डोळे मिटतात, पुन्हा अर्धा घास. एका जवारीला कधी अख्खी दुपार जाते. जास्त घासलं तर सूर बोथट, कमी घासलं तर नुसता खरखराट. त्या अमेरिकन वाद्यात हे बोटांनी करायचं काम एका तयार पट्टीवर सोपवलेलं आहे, म्हणून सगळ्या सुरांना एकसारखीच झणझण.

पण गंमत ऐका. जिमी त्या झणझणीशी भांडत नाही. लांब सूर धरून ठेवतो, तो मरत आला की गिटारीचा सूर त्यातून वर काढतो. वडिलांना ऐकवलं. ते म्हणाले, "याला तानपुरा कळलाय." माझ्या घरात ही मोठी दाद आहे.

या गाण्यात शब्द नाहीत, शेवटही नीट नाही. पण ते पुरं झालं असतं तर त्यावर आणखी चार गिटारी चढल्या असत्या आणि ही सितार खाली दबली असती. मला ते अपुरंच हवंय.

चौथी_तार

मिरजेची_तार, काय लिहिलंत! वडिलांना माझा नमस्कार सांगा.

आजोबा७०

माझं वय सत्तर. 'क्राय ऑफ लव्ह' मी वयाच्या अठराव्या वर्षी गिरगावात मित्राच्या घरी ऐकला. त्याचे मामा बोटीवर होते, त्यांनी आणलेला. हेंड्रिक्स गेल्यानंतर सहा महिन्यांत, मार्च १९७१ मध्ये निघालेला तो पहिला अल्बम. एडी क्रेमर आणि ड्रमर मिच मिचेल यांनी मिळून तयार केला. आम्हाला तेव्हा 'मरणोत्तर' वगैरे काही विचार नव्हता, आम्ही फक्त ऐकत होतो.

त्यातलं शेवटचं गाणं 'बेली बटन विंडो'. ऑगस्ट १९७० मध्ये, त्याच्या स्वतःच्या नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत घेतलेलं. ड्रम्स नाहीत, बेस नाही. दोन गिटारी, आवाज आणि शेवटी शीळ. पोटातलं बाळ आतून बाहेरच्या जगाकडे बघतंय आणि विचारतंय, मी तुम्हाला हवाय का? बहुधा बाकीचे वादक नंतर बोलवायचे असतील. पण मी गेली पन्नास-बावन्न वर्षं ते ऐकतोय आणि एकदाही मला त्यात काही कमी आहे असं वाटलेलं नाही. ती शीळ संपते तेव्हा आजही मी तबकडीवरची सुई लगेच उचलत नाही.

तेव्हा नाथसागर, दुकानात मांडू नका म्हणू नका हो. तुमचं ऐकलं असतं तर माझं हे गाणं गेलं असतं.

अवांतर : नातीला त्याचा दाताने गिटार वाजवतानाचा व्हिडिओ दाखवला. तिने विचारलं, "आजोबा, मग हा ब्रश कशाने करतो?"

नाथसागर

आजोबा, दंडवत. 'बेली बटन विंडो' आत्ताच ऐकलं. हे गेलं असतं तर खरंच वाईट झालं असतं.

बंड्या

आजोबांची नात मालक आहे.

मुक्काम_सिएटल

मी रेंटनला राहते. हेंड्रिक्सची समाधी माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर, ग्रीनवुड मेमोरियल पार्कमध्ये आहे. ग्रॅनाइटच्या खांबांवर घुमट, खाली थडगं. दगडावर कायम लिपस्टिकचे ठसे दिसतात आणि गिटार छेडायच्या नख्यांचा छोटा ढीग. भारतातून कुणी पाहुणे आले की मी नेतेच.

कुटुंबाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. वडील अल हेंड्रिक्स बागकाम करायचे. पोराला पहिली इलेक्ट्रिक गिटार त्यांनीच घेऊन दिली. मुलाच्या संगीताचे हक्क मात्र हातचे गेले होते, ते त्यांनी कोर्टात भांडून १९९५ मध्ये परत मिळवले, तेही पंचाहत्तरीच्या वयात. डग्लसचं काम तिथे थांबलं. त्यानंतर कुटुंबाच्या कंपनीने १९९७ मध्ये 'फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन' काढला. जिमी शेवटच्या उन्हाळ्यात ज्या दुहेरी अल्बमवर काम करत होता, तो त्याच्या हाताने लिहिलेल्या याद्या बघून शक्य तितका जुळवला.

अल २००२ मध्ये वारले. मालमत्ता दत्तक मुलगी जेनीकडे गेली, सख्खा भाऊ लिऑन कोर्टात गेला आणि २००४ मध्ये हरला. भावाबहिणीत वाटणीवरून कोर्टकचेरी ही आपल्याला काही नवी गोष्ट नाही, पण मला लिऑनसाठी आजही वाईट वाटतं. लहानपणी दोघे भाऊ बराच काळ एकत्र होते.

ब्लूज_बाबा

भावाचा विषय निघालाच आहे तर ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनचं सांगतो. २७ ऑगस्ट १९९० ला विस्कॉन्सिनमध्ये मैफिलीनंतर त्याचं हेलिकॉप्टर कोसळलं. वर्षभराने 'द स्काय इज क्रायिंग' आला. मोठा भाऊ जिमी व्हॉन, स्वतः गिटारवादक, त्याने जुन्या रिळांतून गाणी निवडली. दहाच. त्यात 'लिटल विंग'. हेंड्रिक्सचं मूळ गाणं अडीच मिनिटांचंही नाही; स्टीव्ही शब्द न गाता ते जवळजवळ सात मिनिटं वाजवतो. शेवटाला 'लाइफ बाय द ड्रॉप', एक बारा तारांची गिटार आणि आवाज, बस्स. भावाने धाकट्याला निरोप देताना शेवटी काय ठेवलं ते बघा.

मला वाटतं, ज्याला त्या माणसाच्या जाण्याने घरात पोकळी जाणवते त्याने निवडावं. तो चुकेल, पण फसवणार नाही.

आता थोडी तक्रार. 'बोथ साइड्स'मधल्या 'वुडस्टॉक'वर स्टीफन स्टिल्स गातो आणि ऑर्गन वाजवतो. हेंड्रिक्स फक्त बेसवर. '२० डॉलर फाइन'वरही गाणारा स्टिल्सच. हे मित्राच्या सेशनला जाऊन बसणं झालं. याला हेंड्रिक्सचा अल्बम कसा म्हणायचं? पाकिटावर त्याचं नाव आहे म्हणून पैसे दिले ना आपण.

चौथी_तार

बाबा, मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. मग 'वुडस्टॉक' फक्त बेसकडे कान देऊन ऐकलं. मी स्वतः बँडमध्ये बेस वाजवतो. सप्टेंबर १९६९ अखेरचं हे ध्वनिमुद्रण. जगातला सगळ्यात चमकदार गिटारवादक त्या दिवशी खाली बसून दुसऱ्याच्या गाण्याला पाट मांडून देतोय. एकही जागा स्वतःसाठी घेत नाही. स्टिल्स ओळ संपवून श्वास घेतो तिथे फक्त दोन सूर वर चढून परत येतात, पुढची ओळ उचलून द्यायला. हे त्याच्या तीन अल्बमांत कुठे ऐकायला मिळालं असतं?

रीळवाला

सोबत्यांच्या बाबतीत एक अवघड उदाहरण राहिलं. 'व्हॅलीज ऑफ नेपच्यून'मधल्या काही गाण्यांवर नोएल रेडिंगचा बेस आणि मिच मिचेलचे ड्रम्स १९८७ मध्ये नव्याने वाजवलेले आहेत. चास चँडलरने दोघांना बोलावून घेतलं होतं. म्हणजे गिटार साठच्या दशकातली, साथ त्यानंतर वीस-एक वर्षांनी. डग्लसने केलं तेच की हे? तांत्रिकदृष्ट्या तेच. पण हे दोघे त्याचे खरे सोबती. कानाला हेडफोन लावला की आत मित्राचा आवाज सुरू होतो, तो पंचविशीतला आणि हे दोघे चाळिशीत. मी स्टुडिओत काचेच्या या बाजूला उभा असतो तर मला टेप चालू करवली नसती.

पाकिटावर ते लिहिलेलं आहे, म्हणून माझी हरकत नाही. पण ती गाणी मी वेगळी ठेवून ऐकतो.

प्राजक्ता_दारची

मला रॉकमधलं फारसं कळत नाही, मुलगा ऐकतो म्हणून या धाग्यावर आले. पण नाथसागरांचं 'झाकलं' वाचलं आणि राहवलं नाही.

माझे बाबा साताऱ्याला बँकेत होते आणि भजनं फार सुंदर म्हणायचे. त्यांच्या एका सहकाऱ्याकडे ग्रुंडिगचं स्पूलचं यंत्र होतं, त्यावर एक रीळ भरलं होतं. बाबा २००९ मध्ये गेले. वर्षश्राद्धाला सगळ्यांना सीडी द्यावी म्हणून मी ते रीळ एका दुकानात दिलं. सीडी आली. आवाज एकदम स्वच्छ. पण पेटीच्या भात्याचा फुसफुस आवाज गेला होता. बाबा दोन कडव्यांच्या मध्ये तबलेवाल्या काकांना हळूच "हं, आता" म्हणायचे, ते कापून टाकलं होतं. आणि सगळ्या भजनांखाली कसला तरी तयार ठेका चिकटवला होता, "मोकळं मोकळं वाटत होतं" म्हणून. काकांचा तबला त्याखाली ऐकूच येत नाही. आईने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे कोण म्हणतंय?"

ती सीडी चाळीस घरांत गेली. नातेवाइकांना तेच बाबांचं गाणं वाटतं. त्या दुकानदाराने मुद्दाम वाईट केलं असं नाही, त्याला ते सुधारणंच वाटलं असणार. पण मला अजून त्रास होतो.

नाथसागर

प्राजक्ताताई, वाचून पोटात कालवलं.

रीळवाला

ताई, एकच विचारतो. मूळ रीळ दुकानदाराने परत दिलं होतं का? कुठे आहे ते?

प्राजक्ता_दारची

दिलं होतं. आईकडे माळ्यावर असेल. पण पंधरा वर्षं झाली, आता त्यात काय राहिलं असेल?

रीळवाला

रीळ सहजासहजी मरत नाही. काढा. पण मी सांगतो तसंच करा.

एक, कुठल्याही यंत्रावर लावून बघू नका, रिवाइंड तर अजिबात नको. दोन, खोकं उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर टेपचा पाया कुजायला लागलाय, घाई करायला हवी. तीन, रीळ आडवं खिडकीसमोर धरा. टेपच्या थरातून उजेड आरपार दिसला तर ती जुनी अॅसिटेटची टेप, काळं दिसलं तर पॉलिस्टरची. हे कळणं फार महत्त्वाचं. सत्तरीनंतरच्या काही पॉलिस्टर टेपा चिकट होतात, त्या मंद आचेवर काही तास शेकून एकदा वाजवता येतात. अॅसिटेटची टेप शेकली तर ती कायमची गेली. नेटवर वाचून कुणी ओव्हनमध्ये ठेवायला सांगेल, त्याचं ऐकू नका.

बंड्या

ताई, धाग्यावर लक्ष ठेवून बसलोय. नक्की कळवा.

मिरजेची_तार

मीही.

आजोबा७०

तोवर मूळ प्रश्नावर एक. मला हेंड्रिक्सच्या या सगळ्या अल्बमांतलं सगळ्यात जवळचं काय, तर 'हिअर माय ट्रेन अ कमिंग'. हे एक गाणं तो आयुष्यभर पुरं करू शकला नाही. १९६७ च्या डिसेंबरात बारा तारांच्या साध्या गिटारीवर एकट्याने गायला, ते चित्रित झालंय. मग मैफिलींत कितीदा. स्टुडिओतही कितीदा, पण हयातीत एकही स्टुडिओची प्रत बाहेर आली नाही. आता २०१०, २०१३ आणि २०१८, तिन्ही अल्बमांत ते वेगवेगळं आहे. तिन्ही मागोमाग लावा. स्टेशनावर उभा असलेला तोच माणूस, पण एकदा तो थकलेला आहे, एकदा चिडलेला, एकदा गाडी खरंच येताना दिसल्यासारखा. यातलं खरं कुठलं, असं मी विचारतच नाही.

चौथी_तार

आजोबा, काल रात्री तुम्ही सांगितलं तसं तिन्ही लागोपाठ ऐकलं. बायको आणि मुलगी दोघी येऊन बसल्या. कुणी काही बोललं नाही.

मी धागा काढला तेव्हा माझा प्रश्न परवानगीचा होता : ऐकायची मुभा आहे का. तो आता मला तितकासा सतावत नाही. टेप पुसायला एक बटण पुरतं आणि तो सतत स्टुडिओत असायचा; त्याला नकोच असतं तर त्याने पुसलं असतं, असं मला वाटतं. त्याने ठेवलं. मला आता एवढंच हवंय की जे ठेवलं तेच मिळावं. वाद्य चुकलं तर चुकलेलं, थांबला तर थांबलेलं.

ब्लूज_बाबा

आणि पाकिटावर 'स्टिल्सच्या सेशनमध्ये पाहुणा' असं मोठ्या अक्षरात!

चौथी_तार

मान्य.

प्राजक्ता_दारची

मंडळी, रीळ सापडलं. आई स्टुलापाशी उभी राहून "हळू, हळू" म्हणत होती. पत्र्याच्या ट्रंकेत, बाबांच्या शालीत गुंडाळलेलं होतं.

वास नाही. खिडकीशी धरलं तर उजेड आरपार दिसला, मधाच्या रंगाचा. म्हणजे अॅसिटेट ना? कडेला थोडी पांढरट भुकटी आहे. खोक्याच्या आत बाबांच्या निळ्या शाईतलं अक्षर आहे, ते मी याआधी कधी पाहिलंच नव्हतं : "११ फेब्रु. ६९. तिसरे भजन, अंतरा राहिला. पुन्हा घेणे."

सीडीवर तिसरं भजन पूर्ण आहे. म्हणजे त्या दुकानदाराने पहिल्या कडव्याचाच तुकडा परत जोडला होता की काय? मी इतकी वर्षं तेच पुरं समजून ऐकतेय.

चौथी_तार

फेब्रुवारी ६९. त्याच महिन्यात हेंड्रिक्स लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत होता. 'व्हॅलीज ऑफ नेपच्यून'मधली काही गाणी तिथलीच आहेत.

रीळवाला

हो ताई, अॅसिटेट. भुकटी दिसतेय म्हणजे फार दिवस थांबायला नको. पुसू नका, फुंकर मारू नका, आहे तसं शालीतच राहू द्या. माझ्याकडे एक जुनं यंत्र चालू स्थितीत आहे, ताण अगदी कमी करून एकदाच वाजवू आणि सरळ उतरवून घेऊ. भाता, खोकला, "हं, आता", जे असेल ते सगळं. तिसरं भजन जिथे थांबलंय तिथे थांबेल.

पुढच्या शनिवारी मुंबईला येता येईल का? आईंनाही घेऊन या. आणि खोकं विसरू नका, सीडीच्या पाकिटावर तेच अक्षर छापू.